अण्णांचा शेवटचा कसाटा

भिवंडीत माझ्या लहानपणी वीज आहे की गेली हे कळायला कोणी बटण दाबून बघत नसे. आमच्या मागच्या भिंतीला लागून हाजीसाहेबांचा कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. चोवीस लूम. त्यांची खडखड आमच्या मांडणीवरच्या पेल्यांत, पलंगाच्या पायांत आणि आमच्या अंगात इतकी मुरली होती की पाहुणे दोन दिवसांत डोकं धरून पळून जायचे आणि आम्हाला मात्र लूम थांबले की झोपेतून जाग यायची. लूम चालू तर वीज आहे, थांबले तर गेली, इतका साधा हिशेब. खडखड बंद पडली की घरात जो असेल तो हातातलं काम टाकून पुढे दुकानात धावायचा, डीप फ्रीजवर ओली गोणपाटं टाकायचा आणि सायकलवरून बर्फाच्या कारखान्यात लादी आणायला जायचा. फ्रीज जुना होता, झाकणाचं रबर गेलेलं होतं. गोणपाटाशिवाय तो दोन तासही तग धरत नसे.

पुढे दुकान, मागे घर. दुकानाला पाटी होती, पण गावात सगळे त्याला अण्णांचं कोल्ड्रिंक हाऊसच म्हणत. अण्णा म्हणजे माझे वडील. मूळ भिवंडीजवळच्या वळ गावचे, शेतकऱ्याचे पोर. पंधराव्या वर्षी मुंबईला एका बड्या हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासायला लागले आणि तिथल्या पेद्रू नावाच्या गोवेकर आचाऱ्याच्या हाताखाली आइस्क्रीम शिकले. पेद्रूची एक गोष्ट अण्णा आम्हाला दर उन्हाळ्यात सांगायचे. कसाटा मूळचा इटलीतल्या एका बेटावरचा. तिथे तो आइस्क्रीम नव्हताच, केक होता, सणाचा. आत गोड चक्का, वर साखरेत मुरवलेली फळं. साखर आणि फळं त्या लोकांना अरबांनी दिली. मग कोणीतरी चक्क्याच्या जागी बर्फाचे थर घातले, आणि कुठल्यातरी बोटीवरून तो साहेबाच्या जेवणात आणि तिथून पेद्रूच्या साच्यात येऊन पडला. हाजीसाहेब गल्ल्यासमोरच्या बाकावर बसून हे ऐकायचे आणि दरवेळी तेच म्हणायचे, "अरे अण्णा, कासा यानी प्याला. नाम अरबों का, मिठाई अरबों की, और खा रहा है वळ का पाटील!" अण्णा हसायचे. खरं काय ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी पुढे कधी शोधायला गेले नाही. मला त्या पदार्थाच्या जन्माची गोष्ट अण्णांच्या तोंडून आलेलीच पुरे आहे. त्याच्या मरणाची गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, कारण ती मी केली.

साचे अण्णांनी पत्र्याचं काम करणाऱ्याकडून बनवून घेतले होते. छपराची पन्हळ असते ना, तसे अर्धगोल, दोन्ही टोकांना बंद. त्यात तळाला भाजलेल्या काजू-शेंगदाण्यांचा चुरा, त्यावर पिस्त्याचा हिरवा थर. तो गोठला की गुलाबी. तो गोठला की पिवळा, आणि मे महिन्यात पिवळ्यात व्हॅनिलाऐवजी खरा हापूसचा रस. सगळ्यात वर साखरेच्या पाकात भिजवलेला केक आणि त्यावर बटर पेपर. उलटा काढला की केक खाली, दाणे बाहेरून आणि आत तीन रंग. सगळी मेख होती थांबण्यात. खालचा थर पुरता गोठल्याशिवाय वरचा ओतायचा नाही. त्याची परीक्षा अंगठ्याने. अण्णा साच्यात अंगठा दाबायचे, दहा आकडे मोजायचे आणि उचलायचे. खूण उमटली नाही तरच पुढचा थर. आम्हा दोघी बहिणींनाही त्यांनी हेच शिकवलं होतं. शालूताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिचा अंगठा त्यांचा विश्वासाचा. मी, कुंदा, घाईची. माझ्या थरांच्या रेघा नेहमी थोड्या वाकड्या यायच्या.

आता कुठल्याही लग्नाच्या हॉलवर जा, खोक्यातून कंपनीचा कसाटा येतो, एकेक तुकडा प्लास्टिकच्या ताटलीत. नव्या आइस्क्रीमची शंभर नावं निघाली तरी तो टिकून आहे. माझी नात आधी कडेचे दाणे टोकरते, मग हिरवा खाते, गुलाबी शेवटी. माझा मुलगा सरळ चमचा आरपार घालतो. अण्णा म्हणायचे, लोक हा चवीसाठी घेत नाहीत, कापलेला बघायला घेतात. सुरी फिरली आणि आतले रंग दिसले की दुकानातलं मोठं माणूससुद्धा क्षणभर गप्प व्हायचं. मी पाहिलंय ते. आज कोणी माझ्यासमोर कसाटा कापला की मी मान फिरवते. घरच्यांना वाटतं मला गोड चालत नाही.

शालूताईचं लग्न ठरलं ठाण्याच्या एका मास्तरांच्या घरात. मंडळी सरळ होती, हुंडाबिंडा काही नाही. सासरे मात्र बघायला आले तेव्हा दुकानात कसाटा खाऊन इतके खूश झाले की जाताना म्हणाले, "अण्णासाहेब, आम्हाला काही नको. फक्त लग्नात पंगतीला तुमच्या हातचा हा कसाटा पाहिजे. आमची सगळी नातेवाईक मंडळी बघू देत, कुणाची मुलगी आणतोय ते." अण्णांना आणखी काय हवं होतं? भटारखान्यात भांडी घासलेला माणूस. मास्तरांच्या घरच्या लोकांनी आपल्या हाताचं कौतुक मागून घ्यावं! त्यांनी बावीस साचे धरले. आठ दिवस आधीपासून दूध आटवायला बसले. आई म्हणायची, "अहो, पोरीचं लग्न आहे, दुकानाचं नाही." ते म्हणायचे, "हेच तिचं देणं समज."

मांडव वळ गावी, काकांच्या अंगणात पडला. आदल्या दिवशी सकाळी सगळे हळदीला वळ गावी गेले. बावीस साचे त्याच पहाटे पुरे झाले होते आणि फ्रीज गळ्यापर्यंत भरला होता. कोणीतरी त्याच्यापाशी थांबायला हवं होतं. मी थांबले. नाराजीनेच थांबले, हे लपवत नाही. ताईला हळद लागणार आणि मी फ्रीजची राखण करत बसणार! निघताना ताईने माझा गाल धरला. म्हणाली, "रुसू नको गं. नसीमला बोलाव आणि मस्त मेंदी काढून घे. कोपरापर्यंत. उद्या माझ्यापेक्षा तुझी जास्त रंगली पाहिजे." आणि अण्णा गाडीत बसता बसता म्हणाले, "दर तासाला अंगठा लावून बघ. एक साचा उघडून बघायचा, बाकीचे हलवायचे न्हाय. समजलं का?" घाईत किंवा रागात असले की अण्णांच्या तोंडून वळची भाषा यायची.

नसीम ही हाजीसाहेबांची मुलगी, माझ्याच वयाची, अख्ख्या मोहल्ल्यात तिच्यासारखी मेंदी काढणारी नव्हती. मी दहा वाजता एकदा अंगठा लावला. दगडासारखा घट्ट. मग आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो. तिथे पंखा नव्हता, पण गरम वारा यायचा आणि मेंदी लवकर वाळायची. भिंतीपलीकडे लूम खडखडत होते. नसीमने दोन्ही हात भरले, आत-बाहेर, कोपरापर्यंत. बोटांची पेरं आणि अंगठे तर तिने पूर्ण माखून टाकले. तासाभराने मला फ्रीजची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण हात ओले, उठले असते तर सगळं फिसकटलं असतं. आणि लूम चालू होते की. मी स्वतःला म्हटलं, लूम चालू आहेत तोवर काय भीती? दुसरा तास गेला, तिसरा गेला. नसीम साखर-लिंबाचं पाणी बोळ्याने हातावर टिपत होती आणि मी पाय पसरून, डोळे मिटून, उद्या मला कोण कोण बघणार याचा विचार करत होते.

चार वाजून गेले असतील. नसीम प्यायला पाणी आणायला आतल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेली. बटणाचा खटका ऐकू आला. पुन्हा एकदा. मग ती दारात येऊन म्हणाली, "कुंदा, तुम्हारी बत्ती गुल है क्या?"

"काहीतरीच! लूम चालू हैं ना."

"वो तो जनरेटर पे हैं," ती म्हणाली. "अब्बा ने चार दिन पहले बिठाया नहीं? उसकी घरघर ग्यारह बजे से चालू है, मतलब लाईट तब से नहीं है."

जनरेटर मी पाहिला होता. टेंपोतून उतरवताना अण्णांनी त्याला नारळ फोडला होता, हाजीसाहेबांनी आम्हाला पेढे दिले होते. अकराच्या सुमारास खडखड जराशी अडखळून लगेच सुरू झाली होती आणि त्या आवाजात एक नवा, जाड घरघराटही मिसळला होता, तोही मी दिवसभर ऐकत होते. पण उभा जन्म कानांनी एकच शिकलं होतं, लूम म्हणजे वीज. मी तशीच धावले. सुकलेली मेंदी वाटभर गळत होती. झाकण कोपराने उचललं. आतून थंड वाफ यायला हवी होती, ती आली नाही. वरच्या साच्याचा कागद बाजूला करून अंगठा टेकवला, तो केकमधून आरपार आत गेला, थेट पत्र्यापर्यंत. बाहेर काढला तेव्हा त्याला हिरवं, गुलाबी, पिवळं काही नव्हतं. चिखलाचा रंग होता.

तेव्हा वेळ होती. हे मला आजही कोणी समजावायला नको. नसीमचा भाऊ सायकलवर वळ गावी गेला असता. अण्णा आले असते, रागावले असते, दोन कानाखाली दिल्या असत्या आणि सगळं गटारात ओतून उद्यासाठी श्रीखंड सांगून आले असते. एवढंच झालं असतं. मी तिथे उभी राहून रडत होते, आणि तेवढ्यात फ्रीजने हुंकार दिला. वीज आली. मी झाकण लावलं, फ्रीजचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि नसीमला म्हटलं, "किसी को मत बोलना. जम जाएगा." तिने कधी कोणाला सांगितलं नाही. तिच्या बाजूने ती मैत्रीच होती.

अण्णा दिवेलागणीला परत आले. दारातूनच विचारलं, "अंगठा लावलास?"

"लावला."

"दर तासाला?"

"हो, अण्णा."

माझे हात तेव्हा नुसते नारिंगी दिसत होते, मेंदीचा खरा रंग रात्रीतून चढतो. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. पहाटे त्यांनी स्वतः अंगठा लावला. बावीसच्या बावीस साचे दगड. साचा बंद असला की आतल्या रेघा दिसत नाहीत. "शाब्बास, पोरी," ते म्हणाले आणि साचे बर्फात आणि भुशात बांधून टेंपोत चढवू लागले.

वळ गावी पोचल्यावर मी ताईच्या खोलीत गेले. तिने दोन्ही हात धरून नाकाशी नेले. "केवढी रंगली गं कुंदे!" म्हणाली. मग माझा उजवा अंगठा तिने उलटा करून पाहिला. काळपट लाल, नखापर्यंत भरलेला, कुठे एक ठिपका फिका नाही. तिने तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हातात धरला. मला वाटलं, लाडाने.

पंगतीत अण्णांनी पहिला साचा स्वतः उलटा केला. सासरे शेजारी उभे, त्यांची नातेवाईक मंडळी माना उंचावून बघतायत. अण्णांनी सुरी फिरवली. आत एकच रंग होता, मातकट, मधून हिरव्या रेषा, बर्फाचे खडे चमकणारे. अण्णांची सुरी तिथेच थांबली. त्यांनी दुसरा साचा कापला. तिसरा. मग ते हळूच म्हणाले, "वाढायचं न्हाय. कोणाला वाढायचं न्हाय हे." आमची आत्या मधे पडली, "अरं, एवढं केलंयस, टाकतो काय? गोडच हाय की आत!" आणि सासरे, बिचारे मोठ्या मनाचे, म्हणाले, "अहो अण्णासाहेब, रंगाचं काय घेऊन बसलात? चव तीच आहे ना? वाढा, वाढा." पंगत हसली. अण्णांना माणसांपुढे नाही म्हणता आलं नाही. मी खांबापाशी उभी होते. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला असता तर ताटं थांबली असती. निघाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ठाण्याहून निरोप येऊ लागले. पन्नासेक माणसांना उलट्या-जुलाब. बहुतेक जण चार दिवसांत उठले. ताईच्या सासूबाई उठल्या नाहीत. त्यांना आधीपासून मूत्रपिंडाचा त्रास होता, डॉक्टरांनी तसंच सांगितलं, पण त्या अंथरुणाला खिळल्या त्या दिवाळीच्या आधी गेल्या. ताई त्यांचं सगळं करत होती, हगणं-मुतणं सगळं. आणि त्याच घरात, त्याच खोलीबाहेर, नणंदा आल्या-गेल्याला सांगत, की हिच्या बापाने विष वाढलं आणि ही पांढऱ्या पायाची आत आली. दीड वर्ष तिला माहेरी पाठवलं नाही. पुढे पाठवायला लागले, पण सणावारी तिच्या पानात कोणी काही वाढलं की कोणीतरी एखादा शब्द टाकायचंच. सरळ माणसं होती ती. त्यांना वाईट मी केलं.

अण्णांनी पुन्हा कसाटा केला नाही. साचे माळ्यावर गेले. दुकानात नुसता सोडा आणि बर्फाचे गोळे राहिले. त्यांनी स्वतःला एकच प्रश्न लावून घेतला होता. जेवता जेवता थांबायचे आणि आईला विचारायचे, "दूध कमी आटवलं का गं मी? का पिस्ता ओला होता?" हाजीसाहेबांनी त्यांना कितीदा समजावलं, "छोड दे यार, गर्मी थी, क्या करता?" ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी होते. तेव्हा त्यांनी अंगठा चादरीवर दाबला, ओठ हलवत दहा मोजले आणि उचलून बघितलं. मी तेव्हाही बोलले नाही. आज तरी हे लिहिताना कारण द्यावं, तर देण्यासारखं कारण माझ्यापाशी नाही. आधी भीती होती. मग माझं लग्न ठरत होतं. मग मुलं झाली. मग असं वाटायला लागलं की आता सांगून कोणाचं काय भलं होणार? भित्रं माणूस स्वतःला शहाणं म्हणवून घेतं ते असं.

कारखाना आता नाही. लूम भंगारात गेले, हाजीसाहेबांची मुलं गोदामांच्या धंद्यात आहेत, माझा मुलगा राहनाळच्या एका गोदामात ड्युटी करतो. आमच्या दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. मागच्या महिन्यात मी ठाण्याला ताईकडे गेले. भावोजी जाऊन तीन वर्षं झाली, ताईचे गुडघे गेलेत, ती खिडकीपाशी खुर्चीत बसून असते. तिचा नातू मावशी-आजी आली म्हणून धावत खाली गेला आणि दोन कसाटे घेऊन आला. दोन ताटल्या आमच्या पुढे ठेवून क्लासला निघून गेला. हिरवा, गुलाबी, पिवळा, रेघा पट्टीने मारल्यासारख्या सरळ. मी मान फिरवली नाही या वेळी. म्हटलं, "ताई, मला तुला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. पडवी, ओले हात, जनरेटर, नसीम, अंगठा, सगळं. चाळीस वर्षं जे घशात होतं ते पाच मिनिटांत संपलं. मला रडू येत होतं आणि मनात कुठेतरी, लाज वाटते सांगायला, हलकंही वाटायला लागलं होतं.

ताई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"तुझा अंगठा बघितला होता मी. दर तासाला बर्फाला लावलेल्या अंगठ्याची मेंदी अशी रंगते होय? नखापर्यंत काळी?" तिच्या आवाजात राग नव्हता. "तेव्हा वाटलं, असेल घट्ट सगळं, कशाला बोला. मग अण्णांनी सुरी फिरवली, तेव्हा समजलं."

"मग बोलली का नाहीस? तुला एवढं ऐकवलं त्या लोकांनी. अण्णा..."

"मीच म्हटलं होतं ना तुला, मेंदी काढून घे, कोपरापर्यंत. आणि तू एकोणीस वर्षांची होतीस. मला वाटलं, तू सांगशील. लग्नानंतर पहिल्या पत्रात सांगशील, मग वाटलं माझ्या बाळंतपणाला येशील तेव्हा सांगशील. अण्णा आजारी पडले तेव्हा तर मी रोज वाट बघत होते की आज सांगेल, निदान त्यांना तरी सांगेल. तू त्यांच्यापाशी होतीस ना शेवटी?"

"होते."

"विचारलं होतं मी तुला तेव्हा. काही बोलणं झालं का, म्हणून."

विचारलं होतं. दहाव्या दिवशी, ओट्यापाशी, हातात हात घेऊन. मी म्हटलं होतं, नाही गं, काही विशेष नाही.

"त्यानंतर मी वाट बघणं सोडलं," ताई म्हणाली.

मला वाटत होतं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल, किंवा ऊठ आणि जा म्हणेल. तिने यातलं काही केलं नाही. दोन्ही ताटल्या तशाच होत्या, दोघींनीही चमचा लावला नव्हता, आणि खाली रंगांचं एकच पाणी साचायला लागलं होतं. ताईने खुर्चीच्या हातावर जोर देऊन स्वतःला उठवलं, ताटल्या उचलल्या, मोरीपाशी गेली आणि नळ सोडला. मी मागे जाऊन म्हटलं, "दे, मी धुते."

"राहू दे," ती म्हणाली. "तुझे हात ओले होतील."